यकृताच्या कर्करोगाची रक्तचाचणी नक्की कोणासाठी?

आरोग्य तपासणीच्या पॅकेजमध्ये आजकाल ‘कॅन्सर मार्कर’, म्हणजे कर्करोगाची रक्तातली खूण, असा एक रकाना असतो. पीएसए, सीईए, सीए १२५ यांच्या जोडीला त्यात एएफपी, म्हणजे अल्फा फिटोप्रोटीन, बऱ्याचदा असतेच. ज्याला कधी कावीळ झाली नाही, दारूचे व्यसन नाही, मधुमेह नाही, असा पस्तिशीतला धडधाकट माणूस ही चाचणी करून घेतो आणि ‘नॉर्मल’ वाचून निर्धास्त होतो. दुसरीकडे हिपॅटायटिस बीचा विषाणू वर्षानुवर्षे अंगात वागवणारा, सिरॉसिसपर्यंत, म्हणजे यकृत व्रणांनी भरून कडक होण्यापर्यंत, पोचलेला पन्नाशीतला माणूस पाय सुजले, पोटात पाणी झाले म्हणून दवाखान्यात येतो आणि पाणी उतरायची गोळी घेऊन परत जातो. ही चाचणी करायला त्याला कोणी सांगत नाही. सांगितलेच तर एकदा. सहा महिन्यांनी पुन्हा नाही. यकृताचा कर्करोग प्रामुख्याने या दुसऱ्या माणसाला होतो.

रक्तावरून यकृताचा कर्करोग लवकर ओळखायची साधने आपल्याकडे आज आहेत. ती अपुरी आहेत, पण निरुपयोगी नाहीत. चुकते आहे ते त्यांचे वाटप. धोका नसलेल्यांना ही चाचणी विकणे थांबवायला हवे आणि धोका असलेल्यांना ती सोनोग्राफीसह दर सहा महिन्यांनी, सरकारी खर्चाने, नाव-पत्ता धरून द्यायला हवी. नवनवीन मार्करांच्या बातम्यांवर चर्चा पुष्कळ होते. या साध्या व्यवस्थेवर मात्र कोणी बोलत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

एएफपी हे मुळात गर्भाचे प्रथिन. गर्भाच्या यकृतात ते भरपूर तयार होते आणि मूल वर्षाचे होईपर्यंत रक्तातले प्रमाण मोठ्या माणसाइतके, म्हणजे साधारण १० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली येते. १९६३ मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ गॅरी अबेलेव यांना यकृतात गाठ असलेल्या उंदरांच्या रक्तात ते सापडले. पुढच्याच वर्षी युरी तातारिनोव यांनी ते माणसांत, यकृताच्या कर्करोगाच्या रुग्णांत दाखवले. पेशी कर्करोगाकडे वळताना गर्भावस्थेत चालू असलेली आणि नंतर बंद झालेली काही जनुके पुन्हा चालू होतात. एएफपीचे जनुक त्यातलेच.

पण हे जनुक चालू व्हायला कर्करोगच लागतो असे नाही. हिपॅटायटिस भडकला, यकृताच्या पेशी मोठ्या प्रमाणावर मरून नव्या तयार होऊ लागल्या, की एएफपी वाढते. गरोदरपणात वाढते. अंडाशय आणि वृषणाच्या काही गाठींतही वाढते. उलट यकृताच्या कर्करोगाचे ३० ते ४० टक्के रुग्ण असे असतात की ज्यांचे एएफपी वाढतच नाही. २० नॅनोग्रॅमची मर्यादा धरली तर ही चाचणी १०० पैकी सुमारे ६० कर्करोग पकडते, आणि कर्करोग नसलेल्या सिरॉसिसच्या १०० रुग्णांपैकी १० ते २० जणांना उगीच संशयित ठरवते.

आता साधा हिशेब मांडू. सिरॉसिसच्या रुग्णांत वर्षाला साधारण दोन टक्क्यांना कर्करोग होतो असे धरू. दिल्लीच्या एम्समधल्या पाहणीत हा दर १.६ टक्के आला होता. म्हणजे १,००० रुग्णांत २० कर्करोग. त्यातले १२ एएफपी पकडेल, ८ निसटतील. उरलेल्या ९८० पैकी, दहा टक्के चुकीचे धरले तर, ९८ जणांचे एएफपी विनाकारण वाढलेले दिसेल. एकूण ११० संशयित, त्यात खरे १२. नऊ जणांचे सीटी स्कॅन करा, एकाला कर्करोग सापडेल. धोक्याच्या गटासाठी हा सौदा परवडणारा आहे, कारण त्या एकाची गाठ अजून दोन-अडीच सेंटिमीटरची असू शकते.

हीच चाचणी एक लाख निरोगी माणसांवर लावा. भारतात यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण लाखामागे वर्षाला तीनच्या आसपास आहे. तिघांतले दोघे सापडतील. निरोगी माणसांत चाचणी कमी चुकते, म्हणून चुकीचे निकाल फक्त एक टक्का धरू. तरी ते १,००० होतात. दोन खऱ्या रुग्णांसाठी हजार कुटुंबांची झोप उडते, सीटी स्कॅन होतात, त्यात दिसलेल्या निरुपद्रवी गाठींसाठी आणखी तपासण्या होतात. लवकर निदान हे चांगलेच असते, अशी पॅकेजांच्या समर्थनाची भूमिका असते. निदान कोणात शोधायचे हे ठरवल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही.

धोक्याचा गट कोणता, हे जगभरच्या मार्गदर्शक सूचनांत बऱ्यापैकी एकमताने ठरलेले आहे. कोणत्याही कारणाने सिरॉसिस झालेले रुग्ण. हिपॅटायटिस बीचे, म्हणजे लोक ज्याला पांढरी कावीळ म्हणतात त्याचे, सिरॉसिस नसलेलेही काही रुग्ण. कारण हा विषाणू स्वतःचा डीएनए आपल्या पेशीच्या डीएनएमध्ये घुसवतो आणि सिरॉसिसची पायरी न चढताच कर्करोग होऊ शकतो. त्यांच्यात वय, पुरुष असणे, प्लेटलेट कमी असणे आणि घरात कोणाला यकृताचा कर्करोग झालेला असणे यावरून धोका ठरतो. आणि हिपॅटायटिस सी बरा झाला तरी ज्यांना आधीच सिरॉसिस झालेला होता ते. इथे फार गफलत होते. बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी विषाणू जातो, रुग्णाला ‘बरे झालात’ असे सांगितले जाते, आणि तो तपासणीला यायचा थांबतो. विषाणू गेला तरी यकृतातले व्रण राहतात, आणि कर्करोगाचा धोका कमी झाला तरी संपत नाही.

आकड्यांत बोलायचे तर, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये भारतात हिपॅटायटिस बीचे सुमारे २ कोटी ९८ लाख आणि सीचे ५५ लाख रुग्ण होते. बीची लस देशभरच्या नियमित लसीकरणात २०११ पासून आली. म्हणजे आज चाळिशी-पन्नाशीत असलेली पिढी त्या लसीशिवाय वाढलेली आहे, आणि कर्करोगाच्या वयात आता तीच येते आहे. शिवाय मधुमेह आणि लठ्ठपणातून येणारा चरबीयुक्त यकृताचा आजार आहे आणि दारू आहे.

या लोकांना शोधायचे कसे? कर्करोगाच्या मार्करआधी सिरॉसिसचा मार्कर लागतो, आणि तो जवळपास फुकट उपलब्ध आहे. त्याचे नाव फिब-४. वय, एएसटी आणि एएलटी ही यकृताच्या नेहमीच्या रक्तचाचणीतली दोन एन्झाइम, आणि प्लेटलेट एवढ्या चार आकड्यांवर तो निघतो. वयाला एएसटीने गुणायचे. प्लेटलेटला एएलटीच्या वर्गमुळाने गुणायचे. पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागायचे. बावन्न वर्षांचा रुग्ण, एएसटी ६४, एएलटी ४९, प्लेटलेट १ लाख ३० हजार. वर ५२ गुणिले ६४ म्हणजे ३,३२८. खाली १३० गुणिले ७ म्हणजे ९१०. उत्तर ३.६६. १.३ च्या खाली असता तर गंभीर व्रण नाहीत असे मानून सोडून देता आले असते. २.६७ च्या वर गेल्यामुळे या माणसाला फायब्रोस्कॅनसाठी, म्हणजे यकृताचा कडकपणा मोजायला, पाठवायलाच हवे. या रुग्णाच्या अहवालात एएलटी जेमतेम वाढलेले, प्लेटलेट थोड्या कमी. एकेक आकडा सुटा पाहिला तर कोणी थांबणार नाही. चारही एकत्र आले की चित्र दिसते.

चुका होतात त्या अशा. प्लेटलेट हजारांत, म्हणजे १३०, घालायच्या असतात. आपल्याकडे अहवालात ‘१.३० लाख’ लिहिलेले असते आणि तोच आकडा घातला की उत्तर शंभरपटीने चुकते. एएसटी आणि एएलटी यांची अदलाबदल होते. पस्तिशीच्या आत हा निर्देशांक विश्वासार्ह नाही. पासष्टीच्या पुढे वयामुळेच तो फुगतो, म्हणून तिथे खालची मर्यादा १.३ ऐवजी २ धरतात. आणि नुकतीच कावीळ होऊन एएसटी शेकड्यांत गेलेले असताना तो काढूच नये. डेंग्यूने प्लेटलेट पडलेल्या असतानाही नाही. एवढे सांभाळले तर तालुक्याच्या प्रयोगशाळेतल्या संगणकात हे सूत्र बसवून मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाच्या अहवालावर फिब-४ आपोआप छापता येईल. यासाठी नवे यंत्र लागत नाही, चाचणीचे वेगळे रसायनही लागत नाही.

सोनोग्राफी आजही या देखरेखीचा कणा आहे. ती पोटावरून होते, किरणोत्सर्ग नाही, आणि गाठ डोळ्यांना दिसते. पण तिच्या मर्यादा स्पष्टपणे मान्य करायला हव्यात. २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून झालेल्या विश्लेषणात सिरॉसिसच्या रुग्णांतला सुरुवातीच्या टप्प्यातला कर्करोग एकट्या सोनोग्राफीने ४५ टक्केच पकडला. एएफपी जोडल्यावर ६३ टक्के. चुकीचे संशयही वाढले, पण मिळकत मोठी होती. अमेरिकेच्या यकृततज्ज्ञांच्या संघटनेने आधी एएफपी ऐच्छिक ठेवले होते. २०२३ च्या सूचनांत सोनोग्राफीबरोबर एएफपी करावे असे म्हटले आहे. लठ्ठ माणसात आणि चरबीने भरलेल्या यकृतात ध्वनिलहरी खोलवर पोचत नाहीत. उजव्या लोबचा छातीच्या पडद्याखालचा वरचा भाग फुप्फुसाआड लपतो. रुग्णाला खोल श्वास घेऊन रोखायला आणि डाव्या कुशीवर वळायला सांगितले तर त्यातला बराचसा दिसतो. गर्दीच्या ओपीडीत दोन मिनिटांत उरकलेल्या सोनोग्राफीत हे होत नाही. यकृत किती टक्के नीट दिसले हे अहवालात लिहायची सक्ती केली, तरी गुणवत्तेत फरक पडेल.

महाराष्ट्रात आणखी एक अडचण आहे. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्यामुळे सोनोग्राफीचे यंत्र नोंदणी झालेल्या जागेतच वापरता येते, पोर्टेबल यंत्र गावोगाव फिरवण्यावर कडक बंधने आहेत. हा कायदा आवश्यक आहे आणि यकृतासाठी तो सैल करा असे कोणीही म्हणू नये. पण त्याचा अर्थ असा की नंदुरबारच्या किंवा गडचिरोलीच्या पाड्यावरच्या रुग्णाला सोनोग्राफीसाठी प्रवास करावाच लागणार. रक्ताची नळी मात्र त्याच्याऐवजी प्रवास करू शकते. प्राथमिक आरोग्य केंद्रातून नमुने गोळा करून मोठ्या प्रयोगशाळेत नेणारी महालॅबची साखळी राज्यात उभी राहिलेली आहे. रक्तावरच्या मार्करांचे महत्त्व आपल्याकडे म्हणूनच जास्त आहे; आणि म्हणूनच एकट्या एएफपीवर थांबून भागणार नाही.

दुसरा मार्कर पिव्का-२. रक्त गोठवणारे प्रोथ्रॉम्बिन यकृतात तयार होताना त्यावर जीवनसत्त्व ‘के’च्या मदतीने शेवटचा संस्कार व्हावा लागतो. कर्करोगाच्या पेशीत तो अर्धवट राहतो आणि सदोष प्रोथ्रॉम्बिन रक्तात उतरते. साधारण ४० मिलियुनिट प्रति मिलिलिटरच्या वर गेले तर संशय. एएफपी न वाढणाऱ्या बऱ्याच गाठी हा पकडतो, आणि तो फार चढलेला असेल तर गाठ आसपासच्या रक्तवाहिन्यांत शिरली असण्याची शक्यता वाढते. मात्र रुग्ण वॉरफेरिन किंवा ॲसिट्रॉम घेत असेल तर कर्करोग नसतानाही हा आकडा प्रचंड वाढतो, कारण ती औषधे जीवनसत्त्व ‘के’चेच काम अडवतात. पित्तनलिका अडून कावीळ झालेली असेल, महिनाभर अँटिबायोटिक चालू असेल, खाणे सुटलेले असेल, तरी तेच. म्हणून मागणीपत्रावर ‘रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का’ हा एक प्रश्न छापलेला असलाच पाहिजे.

तिसरा मार्कर एएफपी-एल३. कर्करोगाच्या पेशीतून येणाऱ्या एएफपीवरची साखरेची साखळी थोडी वेगळी असते, आणि आपल्या स्वयंपाकघरातल्या मसुरीतून काढलेले एक प्रथिन नेमके तिला चिकटते. एकूण एएफपीपैकी किती टक्के असे चिकटते ते मोजतात. दहा टक्क्यांच्या वर गेले तर लक्ष द्यायचे. एएफपी थोडेसेच वाढलेले असताना ते हिपॅटायटिसमुळे की कर्करोगामुळे, हे ठरवायला याची मदत होते. हे तीन मार्कर, वय आणि लिंग एकत्र करून ब्रिटनमध्ये २०१४ साली गॅलॅड हा निर्देशांक मांडला गेला. तो एकट्या एएफपीपेक्षा सरस आहे. पण ज्यांना कर्करोग आहे आणि ज्यांना नाही अशा निवडक गटांची तुलना केली तेव्हा तो जितका सरस दिसला, तितका रुग्णांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवून केलेल्या अभ्यासांत दिसला नाही. शिवाय पिव्का-२ काही प्रयोगशाळा मिलियुनिटमध्ये देतात, काही नॅनोग्रॅममध्ये. एकक न पाहता आकडा सूत्रात घातला की निर्देशांक सरळ चुकतो.

जपानने यात काय केले ते पाहण्यासारखे आहे. तिथे सिरॉसिस आणि हिपॅटायटिस बी किंवा सी असलेल्यांची सोनोग्राफी आणि मार्कर तीन ते चार महिन्यांनी, बाकी धोक्याच्या रुग्णांचे सहा महिन्यांनी होतात, आणि खर्च आरोग्य विमा उचलतो. तिथल्या बहुसंख्य रुग्णांचे निदान सुरुवातीच्या टप्प्यातच होते. हे यश एका मार्करचे नाही. रुग्ण पुन्हा पुन्हा येत राहतो, याचे आहे. दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी केली तर सहा महिन्यांपेक्षा जास्त फायदा होतो का, याची फ्रान्समध्ये चाचणी झाली. फायदा दिसला नाही. माझ्या मते आपण सहा महिनेच धरावेत आणि तेच न चुकता पाळावेत. मार्करांत एएफपी सगळ्यांना द्यावे; पिव्का-२ आधी जिल्हा पातळीवर आणावे, जिथे सोनोग्राफीत यकृत नीट दिसत नाही किंवा रुग्ण सोनोग्राफीला पोचत नाही अशांसाठी. एल३ आणि गॅलॅड वैद्यकीय महाविद्यालयांपुरते राहिले तरी चालेल.

आकडा वाचायचीही एक रीत आहे. सहा महिन्यांच्या अंतराने ६, मग ११, मग १८ असे एएफपी आले, तर तिन्ही वेळा ते २० च्या आत आहे आणि तिन्ही वेळा संगणक त्याला ‘नॉर्मल’ म्हणेल. एएलटी नॉर्मल असताना, विषाणू औषधाने आटोक्यात असताना ही चढण धोक्याची आहे. उलट ४५ आले आणि सोबत एएलटी ३०० असेल, तर आधी हिपॅटायटिस भडकला आहे का ते पाहून चार ते सहा आठवड्यांनी दोन्ही पुन्हा करावे. चढण दिसायची तर चाचणी दरवेळी एकाच प्रयोगशाळेत, एकाच पद्धतीने व्हायला हवी. काही ठिकाणी एकक आंतरराष्ट्रीय युनिट असते; त्यातले १ म्हणजे सुमारे १.२१ नॅनोग्रॅम. केसांसाठी मोठ्या मात्रेत बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांत काही यंत्रांवर एएफपी खोटेच कमी येते. रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस त्या थांबवाव्यात.

संशय आल्यावर पुढची पायरी सीटी किंवा एमआरआय, आणि इथे आपल्याकडे सर्वांत जास्त नुकसान होते. सिरॉसिसच्या रुग्णात एक सेंटिमीटरपेक्षा मोठी गाठ धमनीच्या टप्प्यात उजळली आणि नंतरच्या टप्प्यात भोवतालच्या यकृतापेक्षा काळसर दिसली, तर तुकडा न काढताच कर्करोगाचे निदान करता येते. सुईने तुकडा काढताना कर्करोगाच्या पेशी सुईच्या वाटेवर सांडण्याचा धोका अडीच-तीन टक्क्यांच्या घरात असतो, तो त्यामुळे टळतो. पण त्यासाठी स्कॅन बरोबर टप्प्यांत व्हावा लागतो. कोपराच्या खळगीत हिरवी १८ किंवा गुलाबी २० नंबरची इंट्राकॅथ (शिरेत बसवायची नळी), कॉन्ट्रास्ट, म्हणजे स्कॅनमध्ये उजळणारे औषध, सेकंदाला चार ते पाच मिलिलिटर वेगाने, पहिली छायाचित्रे साधारण ३५ ते ४० सेकंदांना, दुसरी ७० सेकंदांना, तिसरी तीन ते पाच मिनिटांनी. हाताच्या पाठीवर निळी बारीक इंट्राकॅथ लावून औषध हळू सोडले, की गाठ उजळायचा क्षण निघून जातो आणि अहवालात ‘सिरॉसिस, विशेष काही नाही’ येते. धमनीचा टप्पा बरोबर साधला आहे का हे ओळखायची खूण सोपी आहे: यकृतात जाणारी पोर्टल शीर किंचित उजळलेली हवी आणि यकृतातून बाहेर पडणाऱ्या शिरा अजून काळ्या. मूत्रपिंड ठीक आहे ना हे सांगणारे क्रिएटिनिन आधी पाहायचे, हे वेगळे सांगायला नको. एका टप्प्याचा साधा ‘ॲब्डॉमेन सीटी’ लिहून पाठवणे म्हणजे त्या ११० संशयितांवरची सगळी मेहनत पाण्यात घालणे.

निदानानंतरही मार्करचे काम संपत नाही, किंबहुना तिथे तो जास्त भरवशाचा होतो. उपचाराआधीचा आकडा माहीत असेल तर. एएफपी अर्धे व्हायला पाच ते सात दिवस लागतात. शस्त्रक्रियेआधी १,६०० असेल आणि गाठ पूर्ण निघाली असेल, तर महिन्याभरात ते ५० च्या आसपास आणि सहा आठवड्यांत १५ च्या आत यायला हवे. महिन्यानंतरही ३०० वर अडकले असेल तर कुठेतरी काही उरले आहे. उपचारांची घाई असते आणि आधीचे एएफपी करायचे राहून जाते. मग नंतरच्या ३०० चा अर्थच लावता येत नाही. पिव्का-२ याहून लवकर, दोन-तीन दिवसांत अर्धे होते.

औषध निवडतानाही मार्कर उपयोगी पडतो, हे २०१९ मध्ये सिद्ध झाले. रामुसिरुमॅब हे औषध सरसकट सगळ्या रुग्णांत अपयशी ठरले होते. मग सोराफेनिब हे आधीचे औषध घेऊन झालेल्या आणि एएफपी ४०० किंवा अधिक असलेल्या रुग्णांतच त्याची चाचणी झाली आणि मध्यम आयुर्मान ७.३ वरून ८.५ महिन्यांवर गेले. फायदा लहान आहे, पण यकृताच्या कर्करोगात मार्कर पाहून निवडलेले हे पहिले औषध. यकृत प्रत्यारोपणात तर एएफपी थेट निर्णय बदलते. अमेरिकेत एएफपी १,००० च्या वर असेल तर ते उपचारांनी ५०० च्या खाली आणल्याशिवाय कर्करोगाच्या रुग्णाला यादीत अग्रक्रम मिळत नाही. जपानमधल्या क्योतोच्या प्रत्यारोपण निकषांत पिव्का-२ ची मर्यादा ४०० आहे. आपल्याकडे बहुतेक प्रत्यारोपणे जिवंत दात्याकडून होतात. मुलगा, बायको किंवा बहीण आपल्या यकृताचा तुकडा देते. तो तुकडा वर्षभरात पुन्हा कर्करोगाने भरणार असेल तर ते आधी कळणे हा दात्याचाही हक्क आहे.

रक्तातल्या मुक्त डीएनएवरच्या चाचण्यांकडून पुढे खूप अपेक्षा आहे. गाठीतून सुटलेल्या डीएनएवरच्या मिथाइल खुणा, टर्ट या जनुकाला चालू करणाऱ्या भागातले बदल, बुरशी लागलेल्या शेंगदाण्या-मक्यातल्या अफ्लाटॉक्सिन या विषाने टीपी५३ या जनुकात उमटवलेली विशिष्ट खूण, हे सगळे खरे विज्ञान आहे. पण अशा चाचणीच्या ‘नव्वद टक्के अचूक’ मथळ्याखाली बहुधा मोठ्या, आधीच निदान झालेल्या गाठींचे रुग्ण असतात. दोन सेंटिमीटरची गाठ फार कमी डीएनए सोडते. कर्करोग अजून व्हायचा आहे अशा माणसांत वर्षानुवर्षे तपासून, आणि शेवटी मृत्यू कमी झाले असे दाखवूनच अशी चाचणी सार्वजनिक पैशाने घ्यावी.

हा शेवटचा निकष एएफपीलाही लावायला हवा, आणि तो प्रामाणिकपणे लावला तर पुरावा पूर्ण नाही. शांघायमध्ये हिपॅटायटिस बीच्या १८,८१६ लोकांवर झालेल्या यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेल्या) चाचणीत सहामाही एएफपी आणि सोनोग्राफीने यकृताच्या कर्करोगाचे मृत्यू ३७ टक्क्यांनी कमी झाले. २००४ मध्ये निकाल आला. ठरलेल्या तपासण्यांपैकी सुमारे ५८ टक्केच झाल्या होत्या, तरीही. सिरॉसिसच्या रुग्णांत अशी मोठी यादृच्छिक चाचणी झालेली नाही, आणि आता ‘तुम्हाला तपासणार नाही’ अशा गटात जायला रुग्ण तयार होणे अवघड आहे. निरीक्षणात्मक अभ्यास फायद्याकडे बोट दाखवतात. सुरुवातीच्या टप्प्यात सापडलेला रुग्ण गाठ जाळून किंवा कापून पाच वर्षांच्या पुढे जगू शकतो, शेवटच्या टप्प्यातल्याकडे साधारण तीन महिने असतात, हे तर रोज दिसते. माझ्या मते एवढा पुरावा पुरेसा आहे. मात्र ज्यांचा सिरॉसिस अखेरच्या अवस्थेत आहे आणि प्रत्यारोपण शक्य नाही, त्यांची तपासणी करू नये. गाठ सापडूनही त्यांच्यासाठी काही करता येत नाही. त्यांना वेदनाशमन आणि घरच्यांचा सहवास द्यावा.

पैशांचे काय? महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आता पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात, पण तिचा भर रुग्णालयात भरती होऊन घ्यायच्या उपचारांवर आहे. म्हणजे गाठ आठ सेंटिमीटरची झाल्यावर लाखो रुपये द्यायला आपण तयार आहोत, आणि ती दोन सेंटिमीटरची असताना शोधणाऱ्या काहीशे रुपयांच्या चाचणीला तयार नाही. २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात बी आणि सीची तपासणी आणि औषधे मोफत आहेत. ज्यांना औषध चालू आहे त्यांची नावे तिथे आहेतच. धोक्याच्या गटाची पहिली यादी हाताशी आहे. तिच्यात मधुमेह-रक्तदाब तपासणीतून फिब-४ ने सापडलेले लोक मिळवायचे.

त्या यादीला किमान पाच रकाने हवेत: सिरॉसिस आहे की नाही, शेवटचे एएफपी आणि एएलटी तारखेसह, सोनोग्राफीत यकृत नीट दिसले की नाही, पुढच्या तपासणीची तारीख, आणि संशयित असल्यास टप्प्यांचा सीटी झाल्याची तारीख. संशयानंतर सीटी चार आठवड्यांच्या आत झाला पाहिजे. ठरलेली तारीख उलटून दोन आठवडे झाले की रुग्णाला फोन जायला हवा, फोन लागला नाही तर आशाताईंमार्फत निरोप. हा फोन कोणी करायचा, ते शासन निर्णयात पदनामासह लिहिलेले असावे, आणि जिल्हा शल्यचिकित्सकांच्या मासिक आढाव्यात किती तारखा चुकल्या हा आकडा मागितला जावा.